तोंडात खडीसाखर

कोल्हापुरात फुटबॉल शिकवायला लायसन्स लागतं, हे आमच्या आईला अजून पटलेलं नाही. "गाडीला लागतंय, बंदुकीला लागतंय, बॉलला कशाला?" असं ती म्हणते. तिचं तरी काय चुकलं? मॅचच्या दिवशी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून बघा. पानपट्टीवाला, रिक्षावाला, रिटायर्ड तलाठी, सगळे कोच. कुणाला बाहेर काढायचा, कॉर्नर कुणी मारायचा, रेफ्री कुणाचा पाहुणा लागतो, सगळं त्यांना ठाऊक असतं आणि ते मोठ्यानं सांगतातही. त्या गॅलरीचं ऐकत मी पंधरा वर्षं राइट बॅक खेळलो. राइट बॅक म्हणजे टचलाइनला चिकटून पळणारा गडी. अकरा जणांत शिव्या सगळ्यात स्पष्ट त्यालाच ऐकू येतात.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडं फुटबॉल क्लबांचा नाही, तालमींचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, ही नावं इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. ज्या पेठांत लाल मातीत कुस्ती घुमली, त्याच पेठांनी फुटबॉलचे संघ उभे केले. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, लीग घेते. वरिष्ठ गटात १६ संघ. लीग संपली की बक्षिसांच्या स्पर्धा, आणि वळवाचा पाऊस येईपर्यंत पेठापेठांतली ईर्षा तापलेलीच. देशाच्या हिशेबात वरून मोजत आलं तर आयएसएल, तिच्या खालची राष्ट्रीय लीग, मग तिचे खालचे डिव्हिजन, मग राज्य, आणि त्याच्याही खाली आम्ही. पण टीव्हीवर आयएसएलच्या मॅचला रिकाम्या खुर्च्या दिसतात तेव्हा आमच्याकडं लोक हसतात. आमच्याकडं फायनलला जागा मिळावी म्हणून माणसं दुपारचं जेवण टाळतात.

मी २००५ च्या हंगामात सीनियर संघात आलो. दिवसा शिवाजी उद्यमनगरात लेथवर टर्नर. सकाळी सहाला प्रॅक्टिस, नऊला मशीनवर, मॅच असेल त्या दिवशी अर्धी सुट्टी. शेठ स्वतः फुटबॉलचा शौकीन म्हणून ती मिळायची. शेठची पेठ वेगळी, त्यामुळं आम्ही जिंकलो की दुसऱ्या दिवशी मला मुद्दाम कास्टिंगचे जड जॉब यायचे. मानधन म्हणाल तर हंगामाला बूट, दोन जर्सी आणि एक पाकीट. पाकिटात किती असेल ते त्या वर्षी वर्गणी किती जमली यावर.

एकदा दोन हंगामांसाठी मी दुसऱ्या तालमीत गेलो. पैसे बरे होते, बहिणीचं लग्न तोंडावर होतं. आमच्या गल्लीत याला संघ बदलणं म्हणत नाहीत, फुटणं म्हणतात. दूधवाल्या काकांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. दूध घालायचे, पण भांड्याकडं बघून. परत आलो त्या दिवशी मात्र मापावर अर्धा लिटर जादा ओतलं. त्यावरही ते काही बोलले नाहीत.

वर जायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पुण्यात एका क्लबच्या ट्रायलला तीन दिवस गेलो होतो. तिसऱ्या दिवशी तिथले कोच म्हणाले, "पळतोस भरपूर. पण मान वर करून बघत नाहीस." मला वाटलं, बहाणा सांगतायत. आणि वर म्हणजे तरी कुठं? मी खेळत होतो त्या काळात महाराष्ट्रातले मोठे क्लब एकेक करून मिटत गेले. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, तोही २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ. भारत एफसी एक हंगाम खेळला आणि गेला. पुणे एफसी त्याच सुमारास आटोपला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ ला आणि एफसी पुणे सिटी २०१९ ला. तालमीला निदान मारुतीचं देऊळ असतं, ती कुठं जात नाही.

गुडघा गेला २०१६ मध्ये. कुणी मारलं नाही, धक्कासुद्धा नाही. वळायला गेलो, बुटाचे स्टड मातीत रुतले आणि वरचं अंग फिरलं, पाय तिथंच राहिला. आतून कट्ट असा आवाज आला, आपण बोटं मोडतो तसा, फक्त मोठा. एमआरआयमध्ये निघालं की एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारा पट्टा, तुटलाय. मांडीच्या मागच्या स्नायूचा दोर काढून तिथं बसवतात. नऊ महिने. पहिले दोन महिने मी फक्त टाच ढुंगणापर्यंत आणायचा व्यायाम करत होतो आणि ती येत नव्हती. संघानं "सगळा खर्च आपला" असं गॅलरीसमोर सांगितलं होतं. प्रत्यक्षात निम्मा आला, तोही तीन हप्त्यांत. संघाचं नाव लिहीत नाही. त्यांच्याकडंही नव्हतेच, हे मला माहीत आहे. पण मग गॅलरीसमोर सांगायचं नव्हतं.

२०१८ ला परत उतरलो. पाय चालत होता, पण वळताना डोकं अडवायचं. दीड हंगाम काढला. मग मार्च २०२० ला कोरोनानं सगळंच थांबलं. मी ३३ वर्षांचा होतो. निवृत्ती, सत्कार, नारळ असलं काही झालं नाही. पुढच्या वेळी यादी निघाली तेव्हा माझं नाव नव्हतं आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. बूट माळ्यावर टाकले. आईनं ते काढून एका भाच्याला दिले.

कोच मी ठरवून झालो नाही. शाळा बंद, पोरं गल्लीत. शटरवर बॉल मारून मारून त्यांनी किराणावाल्याला वेड लावलं होतं. तो म्हणाला, "तू यांना घेऊन जा कुठंतरी, मी बॉल देतो." अकरा पोरं आणि एक पोरगी. गांधी मैदानात नेलं, तर तिथं पावसाचं पाणी साचून तळं झालेलं. नेहमीसारखंच. मग एका ओळखीच्या मोकळ्या प्लॉटवर सुरू केलं. बॉल किराणावाल्यानं दिला तो पाच नंबर. माझ्या डोक्यात तेव्हा बॉल म्हणजे पाच नंबरच.

माझी शिकवायची पद्धत एकच, जी माझ्यावर झाली तीच. सुरुवातीला पाच फेऱ्या, मग रांगेत उभं राहून शॉट, मग दोन टीम पाडून मॅच. आणि मॅचभर मी ओरडायचो. "मार! पुढं मार! बघतोस काय? पास दे! आयला, त्याला न्हवं, याला!" घसा बसायचा. घरी आलो की आई हळद-दूध द्यायची. मला वाटायचं, चला, आज मेहनत झाली.

लायसन्सचं एका जुन्या सहकाऱ्यानं डोक्यात घातलं. एका शाळेला कोच हवा होता, पण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स असलेलाच पाहिजे. मी म्हटलं, पंधरा वर्षं शाहू स्टेडियमला खेळलोय, सहा दिवसांचा कोर्स काय अवघड? २०२२ मध्ये पुण्याला गेलो. फी, राहणं, खाणं आणि बुडालेला आठवडा धरून एका महिन्याचा पगार गेला. आम्ही चोवीस जण. त्यात माझ्यासारखे खेळून आलेले निम्मे. बाकी पीटीचे शिक्षक, अकॅडमीत काम करणारी कॉलेजची पोरं, आणि मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी. त्यांनी आयुष्यात कधी बूट घालून मॅच खेळलेली नव्हती. पहिल्या दिवशी आम्ही खेळाडू त्यांच्याकडं बघून जरा हसलोच. हे आठवलं की अजून लाज वाटते.

सकाळी मैदान, दुपारी वर्ग. शिकवणारे सर हिंदी-इंग्रजीत बोलायचे. इंग्रजी अडलं की गुरुजी मला मराठीत सांगायचे. पहिला धक्का बॉलचा. बारा वर्षांखालच्या पोरांना चार नंबर बॉल लागतो. पाच नंबर ४१० ते ४५० ग्रॅम, चार नंबर साधारण ३५० ते ३९०. आम्हा लेथवाल्यांना ग्रॅमचं आणि मायक्रॉनचं कुणी शिकवायला नको. दहा वर्षांच्या पोराच्या घोट्यावर पन्नास-साठ ग्रॅम म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळलं. आमची ती पोरगी बॉल मारताना दर वेळी बोटांनी टोचायची आणि मी तिच्यावर ओरडायचो की पायाची आतली बाजू लाव. बॉलच तिच्या मापाचा नव्हता.

दुसरं, चार विरुद्ध चार. लहान पोरांना अकरा-अकराच्या मॅचला जुंपायचं नाही, लहान मैदान आणि कमी गडी. मला हे पुस्तकी वाटलं. परत आल्यावर मी स्वतः मोजलं. मोठ्या मॅचमध्ये आमचा एक बारका लेफ्ट विंगर वीस मिनिटांत सात वेळा बॉलला शिवला, त्यातले दोन थ्रो-इन. चार-चारमध्ये चाळीसच्या पुढं गेला आणि मी मोजायचं सोडलं. म्हणजे दीड वर्ष मी त्या पोराला घरातनं आणून मैदानात उभा करत होतो, एवढंच.

नियमांच्या पेपरात मी छाती फुगवून बसलो. पहिलाच फटका गोल किकवर. गोल किक घेतली की बॉल पेनल्टी एरियाच्या बाहेर गेल्याशिवाय खेळात येत नाही, असं मी ठोकून लिहिलं. तो नियम २०१९ ला बदललाय. आता बॉल लाथाडला आणि हलला की खेळ सुरू, आपला गडी आतच घेऊ शकतो. म्हणजे बदलल्यानंतर मी स्वतः हंगाम खेळलो होतो! राइट बॅक असून. आमच्या संघात गोल किक म्हणजे लांब मारायची, त्यामुळं नियम बदललेला माझ्यापर्यंत आलाच नव्हता.

शेवटच्या दिवशी प्रत्यक्ष परीक्षा. चिठ्ठी निघाली ती पासिंग आणि सपोर्टची. बाकीचे उमेदवार माझे खेळाडू. मी पावलांनी मोजून प्लास्टिकचे खुणेचे कोन लावले, संघ ओळखायचे बिब वाटले, कागदावरचा प्लॅन खिशात. सुरू झालं. एक पास चुकला, मी शिट्टी मारली, सांगितलं. परत सुरू. अँगल चुकला, शिट्टी. "इथं उभा राहा, इथं, माझ्याकडं बघ." मी स्वतः आत शिरून करून दाखवलं. छान करून दाखवलं, हे खोटं नाही. वीस मिनिटं संपली तेव्हा मी घामानं निथळत होतो आणि माझे खेळाडू गारठले होते.

सरांनी घड्याळ पुढं केलं. "वीस मिनिटांत एकोणीस वेळा थांबवलंस. बॉल फिरला सात मिनिटं. आज सगळ्यात चांगली प्रॅक्टिस कुणाची झाली?"

मी गप्प.

"तुझी झाली."

गुरुजी पास झाले. त्यांनी सेशनमध्ये जेमतेम तीनदा खेळ थांबवला आणि तिन्ही वेळा एकच प्रश्न विचारला, "तुला काय दिसलं?" आम्ही मोठे बाप्ये, पण उत्तर द्यायला डोकं खाजवत होतो. मी नापास. कागदावर नापास असा शब्द नव्हता, गोडीत लिहिलेलं होतं की पुन्हा परीक्षा द्या. एसटीनं परत येताना साताऱ्यापर्यंत मी मनात सरांशी भांडत होतो. कराडच्या पुढं ट्रायलवाला तो कोच आठवला. मान वर करून बघत नाहीस. मग भांडण थांबलं, पण राग गेला नाही.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "गप्प बसायची परीक्षा? त्यात तू पास कसा होशील?"

गप्प बसणं मला खरंच जमत नव्हतं. ठरवून गेलो तरी पोरगं बॉल घेऊन उलटं वळलं की शब्द आपोआप बाहेर. जीभ दाताखाली धरून बघितली, पाठ फिरवून बघितलं. शेवटी देवळातल्या प्रसादाची खडीसाखर खिशात होती, एक मोठा खडा तोंडात टाकला. नियम असा केला की खडा विरघळेपर्यंत बोलायचं नाही. चावायचा नाही. मोठा खडा पाच-सहा मिनिटं सहज टिकतो. पहिल्या दिवशी मी दोनदा चावला, एकदा तर ओरडण्याच्या भरात बाहेर उडाला आणि पोरांनी तो शोधायला खेळ थांबवला.

पंधरा दिवसांनी मैदानावर विचित्र गोष्ट झाली. आवाज आला. म्हणजे पोरांचा. इतके दिवस माझ्या ओरडण्याखाली ती मुकी होती. आता ती एकमेकांना सांगायला लागली, "मागं बघ, मागं हाय!", "मी मोकळा, मी मोकळा!" आमचा एक पोरगा, बापाची भजीची गाडी आहे, नेहमी बॉल आला की डोळे मिटून पुढं मारायचा. मीच लावलेली सवय. एका सकाळी त्याच्याकडं बॉल आला, मी गप्प, त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खडा चघळत होतो. त्यानं खांद्यावरनं मागं बघितलं, बॉल तळव्याखाली ओढला आणि वळला. एवढंच. नंतर बॉल गेला तो गेलाच, आऊट. पण तो वळला होता, आणि वळा असं कुणी सांगितलं नव्हतं.

पोरांना खडीसाखरेचा शोध लागायला वेळ लागला नाही. मी ओरडलो की विचारायची, "सर, आज आणली न्हाई व्हय?" एका पालकांनी मात्र पोर काढून घेतलं. म्हणाले, "तुम्ही नुसतं उभं राहता. शेजारच्या ग्राउंडवरचे सर बघा, किती घाम गाळतात." मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. त्यांच्या बाजूनं बघितलं तर फी देऊन गप्प माणूस कोण घेईल?

२०२३ ला परत परीक्षा दिली. तोंडात काही नव्हतं, खिशात होतं. चारदा थांबवलं. या वेळी पास. शाळेत नोकरी लागली, अर्धवेळ, महिना आठ हजार. सकाळी साडेसहा ते आठ शाळेची पोरं, नऊला लेथ. पुढचं एएफसीचं, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं, सी लायसन्स आहे, त्याचा खर्च वेगळा आणि दिवसही जास्त. बघू. शेठ म्हणतो, "दोन दगडांवर पाय ठेवू नकोस." पण अर्धी सुट्टी अजून देतो.

पोरांच्या डोक्यात अनिकेत जाधव आहे. कोल्हापूरचा पोरगा २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, हे त्यांना आई-बापांनी सांगितलंय. मला विचारतात, सर, आम्ही जाऊ काय? मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. बऱ्याच वेळा त्या वेळी नेमका तोंडात खडा असतो.

मागच्या हंगामात आंतरशालेय स्पर्धेत आमची दुसरी मॅच होती. कडेला पेठेतली नेहमीची मंडळी, त्यात माझ्या जुन्या संघातला सेंटर बॅक. भजीवाल्याचं पोरगं आता राइट बॅक खेळतं. मी लावलं नाही, त्यानंच मागितलं. पहिला हाफ ०-०. दुसऱ्यात त्याच्याकडं बॉल आला, समोरनं दोघं धावून आले. कडेवरनं एकच आरडा, "मार रं बाहेर! मार!" माझा सेंटर बॅक तर थेट मलाच, "ए राइट बॅक! झोपलायस व्हय? सांग की त्याला!" माझ्या तोंडात अख्खा खडा. पोरानं मान वर केली, बघितलं आणि आत, गोलसमोर उभ्या आमच्या स्टॉपरला पास दिला. स्टॉपरच्या मागनं त्यांचा नऊ नंबर, गोल मारणारा गडी, सुटला, बॉल काढला आणि गोल. ०-१. पुढं अजून एक खाल्ला. ०-२.

कडेची मंडळी काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझा सेंटर बॅक जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुला पैसं देऊन गप्प बसवलंय काय रं कुणी?"

हरलं तरी मिसळ ठरलेली असते. भजीवाल्याचं पोरगं माझ्यासमोर बसलं. बराच वेळ बोललं नाही. मग त्यानं ताटलीत ब्रेडचे तुकडे मांडले. "हा मी. हा आपला स्टॉपर. हे दोघं माझ्यावर आल्यात." फरसाणाचा एक मोठा गाठ्या उचलून स्टॉपरच्या मागं ठेवला. "ह्यो त्यांचा नऊ नंबर. सर, ह्यो मला दिसलाच न्हाई. म्हंजे मी बघितलं, पण ह्याच्यामागं हुता." त्यानं मान वाकडी करून, ब्रेडच्या उंचीवर डोळा आणून परत बघितलं. मग मला म्हणाला, "तुम्ही बघा की हितनं. दिसतोय का?"

मीही टेबलावर वाकून बघितलं. खरंच दिसत नव्हता.

"मग?" मी विचारलं.

त्यानं थोडा विचार केला, नऊ नंबर उचलला, कटात बुडवला आणि खाऊन टाकला.